जिव्हाळा आणि करार : व्हिक्टोरियन कादंबरीलेखिका व त्यांचे प्रकाशक

‘जेन एअर’ ही कादंबरी मी पदवीच्या वर्गांना अनेक वर्षे शिकवली. तिच्या पहिल्या आवृत्तीवर शार्लट ब्राँटीऐवजी ‘करर बेल’ हे नाव का होते, हे सांगताना त्या काळच्या समीक्षेचा स्त्रीलेखनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन, टोपणनावांची प्रथा वगैरे मुद्दे ओघाने येत आणि मुले ते टिपून घेत. पण लेखिकेला या पुस्तकाचे किती पैसे मिळाले, ते कसे ठरले, पुस्तकाचा हक्क पुढे कोणाकडे राहिला, हे मी कधी सांगितले नाही. परीक्षेलाही ते कधी विचारले गेले नाही. निवृत्तीनंतर ब्राँटी भगिनींचा पत्रव्यवहार, एलिझाबेथ गॅस्केलने लिहिलेले शार्लटचे चरित्र, जॉर्ज एलियटची पत्रे आणि मार्गारेट ऑलिफंटचे आत्मचरित्र सलग वाचायला मिळाले, तेव्हा आपण अर्धाच धडा शिकवत होतो हे ध्यानात आले. राहिलेला अर्धा भाग इथे मांडते आहे.

लेखिका आणि प्रकाशक यांच्या संबंधात तीन गोष्टी गुंतलेल्या असतात : पुस्तकावरचे नाव, हिशेबाची वही आणि पुस्तकाचा हक्क. प्रकाशक सज्जन भेटला की या तिन्ही गोष्टी आपोआप नीट होतात, असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज असतो. माझाही होता. व्हिक्टोरियन लेखिकांचा अनुभव मात्र त्याला पुरता दुजोरा देत नाही.

तीन खंडांचा व्यापार

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडमध्ये नवी कादंबरी बहुधा तीन खंडांत निघे आणि तिची किंमत ३१ शिलिंग ६ पेन्स, म्हणजे दीड गिनी असे. ही किंमत मध्यमवर्गीय कुटुंबालाही परवडणारी नव्हती. म्हणून वाचक कादंबरी विकत घेत नसे, वर्गणी भरून वाचनालयातून आणत असे. चार्ल्स म्यूडीच्या प्रसिद्ध वाचनालयात वर्षाला एक गिनी भरली की एका वेळी एक खंड घरी नेता येई. तीन खंडांची एक प्रत एकाच वेळी तीन वर्गणीदारांकडे फिरे, त्यामुळे ही रचना म्यूडीच्या सोयीची होती. म्यूडी एकगठ्ठा प्रती उचले, त्यामुळे ती प्रकाशकाच्याही सोयीची होती. कादंबरी किती लांब असावी आणि कुटुंबात मोठ्याने वाचता येईल इतकी सोवळी असावी की नाही, हे ठरवण्यात या व्यापाराचा मोठा वाटा होता.

लेखकाशी व्यवहार करण्याच्या साधारण चार पद्धती होत्या. पहिली, छपाईचा खर्च लेखकाने द्यायचा. दुसरी, खर्च वजा जाता उरलेला नफा निम्मानिम्मा वाटायचा. यात खर्च किती झाला हे सांगणारा प्रकाशकच असे. तिसरी, ठरावीक रक्कम घेऊन लेखकाने स्वामित्वहक्क कायमचा विकून टाकायचा. चौथी, हक्क ठरावीक वर्षांपुरता किंवा ठरावीक प्रतींपुरता द्यायचा, अथवा खपलेल्या प्रतींवर हिस्सा घ्यायचा. १८४२च्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर सात वर्षे किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी अधिक भरेल ती होती. तिसऱ्या पद्धतीने करार करणारा लेखक एका सहीने किती वर्षांचे उत्पन्न देऊन टाकत होता, हे यावरून कळेल.

दोन प्रकाशक, तीन बहिणी

ब्राँटी भगिनींची सुरुवात पहिल्या पद्धतीने झाली. १८४६ मध्ये करर, एलिस आणि ॲक्टन बेल या नावांनी त्यांचा कवितासंग्रह निघाला. एलॉट अँड जोन्स या प्रकाशकांना त्यांनी छपाईसाठी आधी ३१ पौंड १० शिलिंग पाठवले आणि नंतर आणखी काही रक्कम भरली. या खर्चाचे मोल समजण्यासाठी एक आकडा पुरेसा आहे : १८४१ साली गव्हर्नेस म्हणून नोकरी करताना शार्लटचा वर्षाचा पगार २० पौंड होता आणि त्यातूनही कपडे धुण्याचे ४ पौंड कापले जात. वर्षभरात संग्रहाच्या दोन प्रती खपल्या.

एमिलीची ‘वदरिंग हाइट्स’ आणि ॲनची ‘ॲग्नेस ग्रे’ टॉमस न्यूबी या लंडनच्या प्रकाशकाने स्वीकारल्या, त्याही लेखिकांनी ५० पौंड भरावेत या अटीवर. पुरेशा प्रती खपल्यावर ती रक्कम परत मिळायची होती. पुढे न्यूबीने अनेक महिने काहीच हालचाल केली नाही. ऑक्टोबर १८४७ मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने काढलेली ‘जेन एअर’ गाजू लागली, तेव्हा त्याला ‘बेल’ या आडनावाची किंमत कळली आणि डिसेंबरमध्ये त्याने दोन्ही कादंबऱ्या घाईने बाजारात आणल्या. लेखिकांनी मुद्रितांत दुरुस्त केलेल्या चुका पुस्तकात तशाच राहिल्या. आज अभिजात म्हणून शिकवली जाणारी ‘वदरिंग हाइट्स’ अशा अवस्थेत वाचकांपुढे आली. एमिली डिसेंबर १८४८ मध्ये गेली, ॲन मे १८४९ मध्ये. १८५० साली शार्लट आपल्या पत्रातून त्या ५० पौंडांचा हिशेब अजून मांडत होती.

शार्लटचा प्रकाशक मात्र वेगळ्या जातीचा होता. लंडनमधील कॉर्नहिल भागातल्या स्मिथ, एल्डर या पेढीचा मुख्य व्यवसाय हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांना माल पाठवणे व त्यांचे पैशांचे व्यवहार सांभाळणे हा होता. पुस्तकप्रकाशन ही तिची एक शाखा होती. वडिलांनंतर पेढी सांभाळणारा जॉर्ज स्मिथ तेव्हा विशीतला होता. अनेक प्रकाशकांनी नाकारलेली शार्लटची पहिली कादंबरी ‘द प्रोफेसर’ इथेही नाकारली गेली. पण हस्तलिखिते वाचणाऱ्या विल्यम स्मिथ विल्यम्सने नकार का, हे सविस्तर आणि आदराने कळवले आणि तीन खंडांची कादंबरी असल्यास विचार करू, असे सुचवले. काही आठवड्यांत ‘जेन एअर’चे हस्तलिखित कॉर्नहिलला पोहोचले. नकाराचे पत्र कसे असावे, याचा हा धडा संपादकांनीही घ्यावा असा आहे.

नावाचा प्रश्न १८४८च्या उन्हाळ्यात ऐरणीवर आला. ॲनची दुसरी कादंबरी ‘जेन एअर’च्याच लेखकाची आहे, असे भासवून न्यूबीने ती अमेरिकेतल्या प्रकाशकाला देऊ केली. करर बेलची पुढची कादंबरी देण्याचा शब्द स्मिथने अमेरिकेत आधीच दिला होता. आपल्याला फसवले जात आहे की काय, अशी शंका त्याला आली आणि त्याने हॉवर्थला पत्र लिहिले. पत्र मिळताच शार्लट आणि ॲन पावसावादळात चालत स्टेशनवर गेल्या, रात्रीच्या गाडीने लंडनला पोहोचल्या आणि शनिवारी सकाळी ६५, कॉर्नहिल येथे स्मिथच्या समोर उभ्या राहिल्या. शार्लटने त्याचेच पत्र त्याच्या हातात ठेवले. हे तुम्हाला कुठे मिळाले, असे त्याने विचारले. समोरची लहानखुरी, साध्या वेशातली बाई हीच करर बेल, हे त्याच्या मनातही आले नव्हते. हा प्रसंग सांगताना आपण टोपणनावाच्या उलगड्यापाशी थांबतो. दोघी प्रवासाला निघाल्या होत्या त्या व्यवहारातला आपला शब्द खरा आहे हे सिद्ध करण्यासाठी, हे निसटते. एमिली आली नाही आणि आपली ओळख उघड झाल्याचे तिला आवडलेही नाही.

स्मिथने पुढे शार्लटला पुस्तकांच्या पेट्या धाडल्या, लंडनला आपल्या घरी ठेवून घेतले, जॉर्ज रिचमंडकडून तिचे चित्र काढवून घेतले. भावंडे गेल्यानंतरच्या एकाकी वर्षांत स्मिथ आणि विल्यम्स यांची पत्रे तिचा मोठा आधार होती. या जिव्हाळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. ‘जेन एअर’च्या हक्कासाठी आधी १०० पौंड देण्यात आले आणि पुढच्या आवृत्त्या धरून ही रक्कम ५०० पौंडांपर्यंत गेली. गव्हर्नेसच्या पगाराशी ताडून पाहिले तर ही पंचवीस वर्षांची कमाई होती. पण ‘शर्ली’ला ५०० आणि १८५३ मध्ये ‘व्हिलेट’लाही ५००च मिळाले. तोवर तिचे नाव सगळीकडे झाले होते, आणि अधिक रकमेची तिला व तिच्या वडिलांना आशा होती. त्याच सुमारास स्मिथने थॅकरेला ‘हेन्री एस्मंड’साठी १२०० पौंड दिले. थॅकरे लंडनच्या साहित्यवर्तुळात वावरणारा आणि आपला भाव सांगणारा लेखक होता. शार्लटने भाव सांगितला नाही. ज्याच्या घरी आपण पाहुणे म्हणून राहतो, त्याच्याशी पैशांची घासाघीस करणे तिला जमणारे नव्हते.

पत्नीची कमाई कोणाची?

शार्लटने करार केले तेव्हा ती निदान अविवाहित होती. विवाहित लेखिकेची अडचण याहून मूलभूत होती. इंग्लंडच्या तत्कालीन कायद्यात पतिपत्नी ही एकच व्यक्ती मानली जाई आणि ती व्यक्ती म्हणजे पती. पत्नीने लेखणीने मिळवलेले पैसे कायद्याने पतीचे ठरत.

याचा सर्वांत कडवट अनुभव कादंबरीकार आणि कवयित्री कॅरोलिन नॉर्टन हिला आला. पतीपासून ती अनेक वर्षे वेगळी राहत होती. तिला ठरलेली रक्कम देण्याचा लेखी करार पतीने मोडला, आणि १८५३ मध्ये एका देणेकऱ्याच्या बिलावरून प्रकरण कोर्टात गेले, तेव्हा पतिपत्नींमधला करार कायद्यापुढे टिकत नाही हे स्पष्ट झाले. उलट पुस्तकांतून तिला किती मिळते, याची जाहीर चर्चा झाली. प्रकाशकाने तिला दिलेल्या पैशावर हक्क सांगू शकणारा माणूस तोच होता ज्याने तिला घराबाहेर केले होते. १८५५ मध्ये तिने थेट राणीला उद्देशून एक पुस्तिका लिहून हा अन्याय वेशीवर टांगला.

एलिझाबेथ गॅस्केलचे घर सुखाचे होते. तिचा पती विल्यम मँचेस्टरमधील युनिटेरियन पंथाचा धर्मोपदेशक होता. १८४८ मध्ये तिची पहिली कादंबरी ‘मेरी बार्टन’ चॅपमन अँड हॉल यांनी १०० पौंडांना घेतली. १८५० मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकाकडून एका कथेचे २० पौंड आले, ते पतीने शांतपणे खिशात घालून बटण लावले, असे तिने एका मैत्रिणीला गमतीने कळवले. तक्रारीचा सूर त्यात नाही, पण ते पैसे आपले आहेत की काय, हा प्रश्न त्या गमतीत आहेच. त्याच साप्ताहिकात १८५४-५५ मध्ये ‘नॉर्थ अँड साउथ’ क्रमशः आली. संपादक डिकन्सला छोटी, आटोपशीर प्रकरणे हवी होती. गॅस्केलची कथा सावकाश पसरणारी होती. दोघांची कुरबुर अखेरपर्यंत मिटली नाही. शेवट आवळून लिहावा लागला. पुस्तक काढताना तिने काही प्रकरणे वाढवली आणि साप्ताहिकाच्या मर्यादांमुळे मूळ आराखडा पाळता आला नाही, हे सौम्य शब्दांत नोंदवले.

आयुष्याच्या अखेरीस तिने पतीच्या नकळत हॅम्पशरमध्ये एक घर घेतले. जॉर्ज स्मिथच्या ‘कॉर्नहिल’ मासिकात चाललेल्या ‘वाइव्हज अँड डॉटर्स’चे पैसे त्यात घातले आणि उरलेल्या रकमेसाठी स्मिथने कर्ज दिले. पतीने निवृत्तीनंतर तिथे राहावे म्हणून तो नजराणा होता. नोव्हेंबर १८६५ मध्ये त्याच घरात, कादंबरी अपुरी असतानाच, तिचा अचानक मृत्यू झाला. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची, हे मान्य करणारा कायदा त्यानंतर पाच वर्षांनी, १८७० मध्ये झाला. साहित्य, कला किंवा शास्त्र यांतील कौशल्याने मिळवलेल्या पैशांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. १८८२च्या कायद्याने हा हक्क सर्व मालमत्तेपर्यंत वाढवला.

लग्न नसलेल्या बाईचे करार

आता जॉर्ज एलियटकडे पाहू. मेरियन इव्हान्स १८५४ पासून जॉर्ज हेन्री ल्यूइसबरोबर राहत होती. ल्यूइसची पत्नी हयात होती आणि घटस्फोट शक्य नव्हता. प्रतिष्ठित घरांची दारे तिला बंद झाली, भावाने संबंध तोडले. पण कायद्याच्या दृष्टीने ती अविवाहित होती, म्हणून लेखणीची कमाई आणि करार करण्याचा अधिकार दोन्ही तिचेच होते. धर्मोपदेशकाच्या प्रतिष्ठित पत्नीला जो अधिकार नव्हता, तो समाजाने वाळीत टाकलेल्या बाईला होता.

ल्यूइसने नोव्हेंबर १८५६ मध्ये तिची पहिली कथा आपल्या एका मित्राची म्हणून एडिंबरोच्या जॉन ब्लॅकवुडकडे पाठवली. तिचे साडेबावन्न पौंड मिळाले. या बाईला उत्तेजन लागते, परखड टीकेने तिची लेखणी थांबते, हे ल्यूइसने ब्लॅकवुडला वेळोवेळी सुचवले आणि ब्लॅकवुडने ते मनावर घेतले. ‘ॲडम बीड’साठी १८५९ मध्ये ८०० पौंड ठरले, आणि ते फक्त चार वर्षांच्या हक्काचे. पुस्तक अपेक्षेबाहेर खपले तेव्हा ब्लॅकवुडने आपणहून आणखी ८०० पौंड दिले आणि हक्कही परत केला.

याच वेळी नावाचे संकट उभे राहिले. जॉर्ज एलियट म्हणजे वॉरिकशरमधला जोसेफ लिगिन्स नावाचा माणूस, अशी वदंता पसरली. पुस्तकांचे आपल्याला काहीच मिळाले नाही, असे तो सांगे, त्यामुळे लोकांनी त्याच्यासाठी वर्गणी सुरू केली. एका खोट्या नावाने लेखिकेचे श्रेय गेले आणि प्रामाणिक प्रकाशकाच्या माथी लबाडीचा आळ आला. अखेर तिला आपली ओळख उघड करावी लागली.

‘द मिल ऑन द फ्लॉस’च्या पहिल्या ४००० प्रतींसाठी २००० पौंडांचा करार झाला. १८६२ मध्ये जॉर्ज स्मिथने ‘रोमोला’साठी १०,००० पौंड देऊ केले. कथेचे तुकडे त्याला हवे तसे पाडायला तिने नकार दिला आणि ७००० पौंडांवर करार केला. रक्कम कमी घेतली, पण रचना आपल्या हाती ठेवली. ब्लॅकवुड दुखावला असेल, पण त्याने कडवटपणा दाखवला नाही. ‘रोमोला’ स्मिथला फारशी फळली नाही आणि पुढची कादंबरी ‘फीलिक्स होल्ट’ ५००० पौंडांना पुन्हा ब्लॅकवुडकडे आली. ‘मिडलमार्च’ तीन खंडांत मावत नव्हती, तेव्हा ल्यूइसने पाच शिलिंगांचा एक असे आठ भाग काढण्याची कल्पना मांडली. १८७१-७२ मध्ये ते निघाले आणि म्यूडीच्या चौकटीबाहेर कादंबरी विकता येते हे दिसले. इथे ब्लॅकवुडचा सज्जनपणा होताच. पण मुदत, प्रतींची संख्या आणि हिस्सा प्रत्येक वेळी कागदावर होता, आणि तिच्या बाजूने निःसंकोच बोलणारा एक माणूस होता.

चाळीस वर्षांचा घरोबा

याच ब्लॅकवुडकडे याच काळात मार्गारेट ऑलिफंट लिहीत होती. तिचा त्या घराण्याशी संबंध १८५२ पासूनचा, म्हणजे एलियटच्याही आधीचा. १८५९ मध्ये रोममध्ये पती वारला. मुले लहान, डोक्यावर कर्ज. थोड्याच काळाने तिने ब्लॅकवुड बंधूंना भेटून नवी क्रमशः कथा देऊ केली आणि त्यांनी नाही म्हटले. त्या रात्री मुले झोपल्यावर ती लिहायला बसली आणि पुढे ‘कार्लिंगफर्ड’ मालिका म्हणून गाजलेल्या लेखनातली पहिली कथा सुरू झाली. ती ब्लॅकवुडने घेतली. त्याच मालिकेतल्या ‘द पर्पेच्युअल क्युरेट’साठी तिला १५०० पौंड मिळाले.

पण घर आजच्या आज चालवायचे असल्यामुळे तिने बहुधा रोख रक्कम घेऊन हक्क दिले, कधी पुस्तक लिहून होण्याआधीच. एक पुस्तक संपण्यापूर्वी पुढच्याची उचल खर्च झालेली असे. सुमारे शंभर पुस्तके लिहूनही म्हातारपणी पाठीशी उत्पन्न नव्हते. एलियटसारखे सांभाळून घेणारे कोणी आपल्याला असते तर आपण अधिक चांगले लिहिले असते का, हा प्रश्न आत्मचरित्रात ती स्वतःलाच विचारते. तिन्ही मुले तिच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटच्या वर्षांत तिने हाती घेतलेले मोठे काम होते ब्लॅकवुड पेढीचा इतिहास. १८९७ मध्ये त्याचे दोन खंड निघाले, त्याच वर्षी ती वारली. ज्या घरासाठी तिने आयुष्यभर लिहिले, त्याची कुळकथाही तिनेच लिहिली.

आपल्यासाठी

विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे की कादंबरी वाचताना मुखपृष्ठावरचे नाव, खंडांची संख्या, ती आधी क्रमशः आली होती की नाही आणि हक्क कोणाकडे होता, एवढे जरूर पाहावे. ‘नॉर्थ अँड साउथ’चा शेवट घाईचा का वाटतो, ‘मिडलमार्च’ला आठ भाग का, या प्रश्नांची निम्मी उत्तरे तिथे सापडतात.

लिहिणाऱ्यांना सांगायचे ते थोडे संकोचाने सांगते. माझा पहिला कथासंग्रह निघाला तेव्हा प्रकाशक घरच्यासारखे होते. छपाईसाठी मी काही रक्कम दिली, कागद मागितला नाही. मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे वाटले. पुढे त्यातली एक कथा एका संकलनात घ्यायची ठरली, तेव्हा परवानगी कोणी द्यायची हे मलाही सांगता आले नाही. प्रकाशक तोवर वारले होते आणि त्यांच्या मुलांना पुस्तकाचे नावही माहीत नव्हते. कथा घ्यायची राहून गेली.

आपल्या १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सही केलेला असावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. ‘ॲडम बीड’ची चार वर्षे मिळवायला ल्यूइस आणि ब्लॅकवुड यांच्यात पत्रे झाली होती, आपल्याला पाच वर्षांची मर्यादा कायद्यानेच दिली आहे, आणि पुष्कळांना ती ठाऊक नसते. पहिला संग्रह घेऊन प्रकाशकाकडे निघालेल्या माझ्या विद्यार्थिनींना मी आता आवर्जून सांगते की चहा घ्या, आभार माना, आणि प्रती किती, मुदत किती, हिशेब कधी, हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घेऊन या.